बँकेने कापलेला दंड परत कसा मिळवायचा: पासबुकापासून लोकपालापर्यंत

आमच्या सोसायटीचा मी खजिनदार. त्यामुळे मेंटेनन्सच्या पावत्यांसोबत लोक स्वतःची पासबुकंही घेऊन येतात. ‘जरा बघा ना, हे पाचशे नव्वद कसले?’ पाचशे नव्वद हा आकडा आता मी लांबून ओळखतो. खात्यात किमान शिल्लक न ठेवल्याचा ५०० रुपये दंड, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९०.

गेल्या दिवाळीच्या आधी माझा भाचा असंच पासबुक घेऊन आला. अंधेरीची नोकरी सोडून तो ऐरोलीला लागला होता. जुन्या कंपनीचं सॅलरी खातं तसंच पडून होतं, त्यात ३,१४० रुपये. पगार यायचा थांबला आणि काही महिन्यांनी बँकेने ते खातं गुपचूप साध्या बचत खात्यात बदललं. किमान शिल्लक दहा हजार लागू झाली. एप्रिलपासून दर महिन्याचे ५९० पुढच्या महिन्यात कापले जात होते, असे पाच महिन्यांचे २,९५० गेले आणि उरले १९०. सप्टेंबरच्या दंडापोटी तेही गेले, वर ४०० रुपये ‘बाकी’ म्हणून खात्याला चिकटून राहिले. ऑक्टोबरमध्ये क्लासची फी भरायला त्याने त्यात पाच हजार टाकले. टाकल्याबरोबर चारशे कापले गेले आणि पाच हजारांची फी अपुऱ्या शिल्लकीमुळे अडकली. तेव्हा कुठे भाचेसाहेबांना जाग आली.

“मामा, बँकेशी कोण भांडणार?” हा त्याचा पहिला प्रश्न. भांडायचं नाहीच मुळी. शाखेत जाऊन ‘हा अन्याय आहे’ म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि पुढच्या टोकनचा नंबर पुकारतो. दंड किती असावा हा बँकेच्या धंद्याचा निर्णय मानला जातो, आणि त्या मुद्द्यावर रिझर्व्ह बँकेचा लोकपालही, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी, सहसा हात घालत नाही. आपण दाखवायचं ते एवढंच, की दंड घेताना बँकेने कुठला नियम मोडला आणि कोणत्या तारखेला मोडला. सगळा खेळ तारखांचा आहे.

नियम काय म्हणतो

रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१४ मध्ये परिपत्रक काढून किमान शिल्लक दंडाची चौकट ठरवली. ती १ एप्रिल २०१५ पासून लागू झाली. आपल्या कामाचे मुद्दे चार.

शिल्लक कमी पडली की बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं, की एक महिन्यात शिल्लक भरली नाहीत तर दंड लागेल. तो महिना उलटल्यावरच दंड. आधी कापून मग ‘तुमच्या खात्यातून शुल्क वजा झाले आहे’ असा एसएमएस पाठवणं म्हणजे नोटीस नव्हे. निम्म्या केसेस इथेच सुटतात.

दुसरं, दंड तुटीच्या प्रमाणात हवा. हजार रुपये कमी पडलेल्याला आणि नऊ हजार कमी पडलेल्याला सारखाच दंड चालत नाही. बँका त्यासाठी टक्केवारी ठरवतात किंवा तुटीचे टप्पे पाडतात.

तिसरं, निव्वळ या दंडापायी बचत खातं उणे होता कामा नये. पासबुकात शिल्लकीपुढे वजाचं चिन्ह दिसलं आणि मागे फक्त हाच दंड असला, तर तेवढ्यावरच तक्रार उभी राहते. बऱ्याच बँका आता खातं उणे दाखवत नाहीत. रक्कम ‘लियन’ किंवा ‘होल्ड’ म्हणून बाजूला लिहून ठेवतात आणि पैसे आले की उचलतात, भाच्याचे चारशे उचलले तसे. अशा वेळी नुसतं ‘होल्ड का लावला’ विचारून भागत नाही. तो होल्ड कोणकोणत्या महिन्यांच्या दंडाचा आहे ते लेखी मागा, म्हणजे प्रत्येक महिन्याच्या नोटिशीवर येता येतं.

चौथं, किमान शिल्लकीची रक्कम वाढवायची असेल तर जुन्या खातेदाराला किमान एक महिना आधी कळवावं लागतं.

याखेरीज, दोन वर्षं खातेदाराने काहीच व्यवहार न केल्यामुळे निष्क्रिय झालेल्या खात्यावर किमान शिल्लकीचा दंड घेता येत नाही. हा नियम मे २०१४ पासून आहे. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या सुधारित सूचनांनुसार असं खातं पुन्हा चालू करायलाही पैसे घेता येत नाहीत. आजोबांचं जुनं खातं सुरू करायला गेलात आणि समोर मागच्या काही वर्षांच्या दंडाची यादी आली, तर हे लक्षात असू द्या.

सगळ्याच बँका हा दंड घेतात असं नाही. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये तो बंद केला. २०२५ च्या मध्यात कॅनरा, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक अशा सरकारी बँकांनीही बचत खात्यांवरचा दंड सोडला. तुमची बँक यांतली असली तरी सूट ज्या तारखेपासून आहे त्याच्या आधीचा दंड आपोआप परत येत नाही. तो मागावा लागतो, आणि त्यालाही वरचेच नियम लावून.

आधी पासबुक, मग तोंड

पासबुकात एन्ट्री मारून घ्या किंवा ॲपमधून किमान दोन वर्षांचं स्टेटमेंट पीडीएफमध्ये उतरवा. पासबुक बरेच महिने छापलेलं नसेल तर मशीन मधल्या नोंदी एकत्र करून एका ओळीत टाकतं आणि नेमका तिथेच दंड लपतो. म्हणून स्टेटमेंट बरं.

मग पेन घेऊन बसा. प्रत्येक वजावटीपुढे बारीक अक्षरात तपशील असतो. ‘एमएबी’ किंवा ‘एएमबी’ म्हणजे सरासरी शिल्लकीचा दंड. ‘एनएसीएच रिटर्न’ किंवा ‘ईसीएस रिटर्न’ म्हणजे खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैशाअभावी परत गेल्याचा दंड. एटीएमच्या नावापुढे ‘डिक्लाइन’ असेल तर खात्यात पैसे नसताना कार्ड घातल्याचा. डेबिट कार्डाची वार्षिक फी, एसएमएसचे पैसे वेगळे. मेअखेरीस ४३६ किंवा २० रुपये गेले असतील तर तो दंड नव्हे. ते जीवनज्योती आणि सुरक्षा विमा योजनांचे वार्षिक हप्ते. विमा तुम्ही घेतलाच नसेल तर तुमच्या संमतीचा पुरावा मागा, पण ती तक्रार वेगळ्या अर्जात करा. दोन्हीची खिचडी केली की बँक सोप्या भागाला उत्तर देते आणि अवघड भाग गिळते.

एका कागदावर चार रकाने पाडा: तारीख, रक्कम, बँकेने दिलेलं कारण, नोटीस कधी आली. चौथा रकाना भरताना फोनमधले जुने एसएमएस आणि ईमेलचा स्पॅम फोल्डर प्रामाणिकपणे तपासा. तिथे नोटीस सापडली तर तीही लिहा. बँक ती काढणारच आहे, आपल्याला आधी माहीत असलेली बरी.

सरासरीचा हिशोब स्वतः करा

‘किमान शिल्लक दहा हजार’ म्हणजे रोज दहा हजार हवेत असं नाही. बहुतेक बँका महिन्याची सरासरी धरतात, म्हणजे रोजच्या दिवसअखेरच्या शिलकीची बेरीज भागिले महिन्याचे दिवस. ३० दिवसांच्या महिन्यात २० दिवस ५ हजार आणि १० दिवस २० हजार असतील, तर १ लाख अधिक २ लाख, म्हणजे ३ लाख. भागिले ३० केले की बरोबर १० हजार. दंड शून्य.

त्याच १० दिवसांत २० ऐवजी १६ हजार असते तर बेरीज २ लाख ६० हजार आणि सरासरी ८,६६६ रुपये ६७ पैसे. तूट १,३३३ रुपये ३३ पैशांची. बँकेच्या शुल्कपत्रकात ‘तुटीच्या ६ टक्के किंवा ५०० रुपये, यांतले जे कमी’ असं असेल, तर दंड ८० रुपये, जीएसटी १४ रुपये ४० पैसे, एकूण ९४ रुपये ४० पैसे. खात्यातून ५९० गेले असतील तर ४९५ रुपये ६० पैसे जादा गेले. तुमच्या बँकेचं सूत्र वेगळं असेल. ते तिच्या वेबसाइटवर सेवाशुल्काच्या तक्त्यात असतं. तो तक्ता दंडाच्या काळातलाच हवा. आजचा तक्ता लावून गेल्या वर्षीचा हिशोब केलात तर शाखेत तोंडघशी पडाल.

एक बारकावा मुंबईकरांना सतावतो. किमान शिल्लक तुमच्या घराच्या पत्त्यावर नाही, बहुधा शाखा कुठल्या गटात मोडते त्यावर ठरते: महानगर, शहर, निमशहरी, ग्रामीण. गावच्या शाखेत उघडलेलं खातं दादरच्या शाखेत बदलून घेतलं की किमान शिल्लक वाढू शकते. बदलताना हे तुम्हाला कोणी लेखी सांगितलं होतं का, तेही तपासा.

हप्ता परत गेला असेल तर

इथे बाजू थोडी कच्ची असते हे आधीच सांगतो. खात्यात पैसे नव्हते, हप्ता परत गेला आणि दंड तक्त्याप्रमाणेच असला, तर परत मागण्यासारखं फारसं काही नाही. तरी तीन गोष्टी बघा. एकाच हप्त्यासाठी कर्ज कंपनीने दोन-तीनदा प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळी दंड लागला का? दंड दोन्हीकडून लागतो, तुमच्या बँकेकडून आणि कर्ज कंपनीकडूनही. मग पुन्हापुन्हा मागणी कोणी लावली ते लेखी विचारा. दुसरं, बँकेने आधी किमान शिल्लकीचा दंड कापला म्हणून हप्त्याला पैसे कमी पडले का? तो पहिला दंड बिनानोटिशीचा ठरला, तर त्याच्यामुळे बसलेला दुसराही त्याच अर्जात मागता येतो. तिसरं, आदल्या दिवशी पैसे भरले असूनही ते उशिरा जमा झाले का?

खरा ओव्हरड्राफ्ट असेल, म्हणजे शिलकीपेक्षा जास्त पैसे उचलायची एफडीवर किंवा पगारावर घेतलेली सोय, तर तो कर्जाच्या नियमांत येतो. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार कर्जावरचा दंड ‘दंडात्मक व्याज’ म्हणून व्याजदरात मिसळता येत नाही. तो वेगळं शुल्क म्हणून घ्यायचा आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे, जुन्या कर्जांना ३० जून २०२४ पर्यंत लागू करायचं होतं. क्रेडिट कार्ड यात येत नाही.

अर्ज

शाखेत तोंडी बोलायला हरकत नाही, कधीकधी काम तिथेच होतं. भाच्याला शाखेतल्या बाईंनी लगेच सांगितलं, ‘दोन महिन्यांचे करून देते, गुडविल म्हणून.’ म्हणजे ११८० रुपये. मी म्हटलं, घे, पण ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेल्या कागदावर सही करू नकोस. उरलेल्यासाठी अर्ज दे.

अर्ज मराठीत दिला तरी चालतो. आम्ही लिहिला तो साधारण असा:

‘प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय: बचत खाते क्रमांक अमुक यातून किमान शिल्लक शुल्कापोटी कापलेली रक्कम परत मिळणेबाबत.

महोदय, माझ्या वरील खात्यातून ३ मे ते ३ सप्टेंबर या काळात दरमहा ५९० रुपये, म्हणजे पाच वेळा मिळून २,९५० रुपये, तसेच ऑक्टोबर महिन्यात ५९० रुपये असे एकूण ३,५४० रुपये कापण्यात आले. तारीखवार तक्ता सोबत जोडला आहे. पैकी ११८० रुपये परत मिळाले असून २,३६० रुपये बाकी आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दंडापूर्वी एक महिन्याची स्पष्ट सूचना देणे आवश्यक आहे. प्रत्येक वजावटीपूर्वी अशी सूचना कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकावर किंवा ईमेलवर पाठवली, त्याची प्रत द्यावी. तसेच सॅलरी खाते साध्या बचत खात्यात बदलल्याची सूचना कधी दिली, तेही कळवावे. सूचना दिलेली नसल्यास उर्वरित रक्कम जीएसटीसह खात्यात जमा करावी. लेखी उत्तर मिळावे ही विनंती.’

एवढं पुरे. त्यात आई आजारी होती, परीक्षा होती, वीस वर्षं आमचं कुटुंब या बँकेत आहे, हे काही लिहू नका. वाचणारा पहिली ओळ आणि शेवटची रक्कम बघतो.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. ‘साहेब जेवायला गेलेत, ठेवून जा’ म्हणाले तर ठेवून जाऊ नका. शिक्का मारायला कुरकुर केली तर तिथेच उभ्या उभ्या बँकेच्या ॲपवर किंवा वेबसाइटवर तक्रार टाका आणि तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. पोचपावती म्हणून तोही तितकाच पक्का. या तारखेपासून तुमचे तीस दिवस मोजायला लागा.

शाखेचं उत्तर पटलं नाही तर तीच तक्रार, तोच क्रमांक देऊन, बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवा. नाव आणि ईमेल वेबसाइटवर तक्रार निवारणाच्या पानावर असतं. मोठ्या बँकांमध्ये तक्रार पूर्ण किंवा अंशतः फेटाळायची असेल तर ती आधी बँकेनेच नेमलेल्या अंतर्गत लोकपालाकडे जाते. तुम्हाला तिथे थेट जाता येत नाही, पण तिथेही कागदच वाचले जातात.

लोकपालाकडे

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर मान्य नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. आधी बँकेकडे लेखी तक्रार केली नसेल तर इथे अर्ज दारातूनच परत येतो. लोकांची सगळ्यात मोठी चूक हीच.

आमच्याकडचे एक आजोबा फाइल काखेत मारून फोर्टात रिझर्व्ह बँकेच्या इमारतीपर्यंत गेले होते. गेटवरच्या माणसाने चहाची टपरी दाखवून परत पाठवलं. तिथे जायची गरज नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये एकात्मिक लोकपाल योजना आली. तक्रार ऑनलाइन करता येते, पोर्टलचा पत्ता सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन. माहितीसाठी १४४४८ हा टोल फ्री क्रमांक आहे. कागदावरच पाठवायची असेल तर रिझर्व्ह बँकेच्या चंडीगढ, सेक्टर १७ येथील केंद्राकडे टपालाने जाते. फी नाही, वकील लागत नाही.

पोर्टलवर बँकेकडच्या तक्रारीची तारीख विचारतात. इथे शिक्का मारलेली प्रत आणि स्टेटमेंटची पानं जोडा. दंडाच्या ओळी पेनाने गोल करून मग स्कॅन करा. २०२१ च्या योजनेत बँकेच्या उत्तरानंतर एक वर्षाची मुदत होती, पण वर्षाच्या भरवशावर बसू नका. मुदती बदलतात, पोर्टलवरची चालू मुदत बघा आणि तीस दिवस भरले की त्याच आठवड्यात टाका. तेच प्रकरण ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल ते घेत नाही, तेव्हा दोन्ही दगडांवर एकदम पाय ठेवू नका.

मुंबईत बऱ्याच मराठी घरांची खाती सहकारी बँकांत असतात. २०२१ च्या योजनेत शेड्यूल्ड, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या खास यादीतल्या, नागरी सहकारी बँका आल्या, आणि शेड्यूल्ड नसलेल्यांपैकी ५० कोटी किंवा त्याहून जास्त ठेवी असलेल्याही. पतपेढी मात्र यात नाही. ती सहकार खात्याखाली येते, तिची तक्रार उपनिबंधकांकडे.

लोकपालाच्या वाटेने काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि सेवेची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. पण दीड-दोन हजारांसाठी तारखांवर तारखा घेण्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करा, किंवा मुंबई ग्राहक पंचायतीचा सल्ला घ्या. १९७५ पासून ही संस्था ग्राहकांची अशी गाऱ्हाणी ऐकते आहे. माझं मत विचाराल तर आयोग राखून ठेवा मोठ्या रकमेसाठी.

भाच्याचं काय झालं

शाखेकडून महिनाभर काहीच नाही. एकतिसाव्या दिवशी पोर्टलवर तक्रार टाकली. काही दिवसांनी बँकेच्या मुख्य कार्यालयातून फोन आला, फारच गोड आवाजात. एप्रिल ते जुलैपर्यंतच्या नोटिशीची प्रत त्यांच्याकडे नव्हती. पहिली स्पष्ट सूचना ५ ऑगस्टच्या ईमेलमध्ये होती. म्हणजे ऑगस्टचा दंड ३ सप्टेंबरला कापला तेव्हाही महिना भरला नव्हता. त्यांनी पाच महिन्यांचे २,९५० मान्य केले, आधी दिलेले ११८० वजा करून १,७७० खात्यात टाकले.

सप्टेंबरचे ५९० दिले नाहीत, आणि ते बँकेचं बरोबर होतं. ईमेल आला होता, महिना उलटला होता, शिल्लक भरली नव्हती. भाचा म्हणाला, ‘त्याच्यासाठीपण लढूया.’ मी नाही म्हटलं. ईमेल त्याच्या स्पॅममध्ये होता, बँकेच्या नव्हे.

पैसे जमा झाल्यावर दोन गोष्टी तपासा. रकमेत जीएसटी धरला आहे का, म्हणजे ५०० आले की ५९०. आणि ‘होल्ड’ किंवा ‘लियन’ निघाला आहे का. तो राहिला तर पुढचा पगार येताच पुन्हा कापाकापी सुरू होते. पोर्टलवरची तक्रार मागे घ्या असं बँकेने सुचवलं, तर पैसे दिसल्याशिवाय घेऊ नका.

त्यानंतर खातं ठेवायचं की नाही ते ठरवा. शिल्लक राखणं जमणार नसेल तर त्याच बँकेत मूलभूत बचत खातं मागा. त्याला किमान शिल्लक नसते आणि एटीएम कार्ड मिळतं, मात्र त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. भाच्याने बंदच करून टाकलं. उरलेलं चेकबुक परत दिलं, कार्ड काउंटरवर कात्रीने कापलं आणि खातं बंद केल्याचं पत्र मागितलं. त्या पत्रात खाते क्रमांक, बंद केल्याची तारीख आणि ‘काही बाकी नाही’ ही ओळ आहे ना, हे त्याने तिथेच उभं राहून वाचून घेतलं. मग ते पत्र माझ्याकडे आणून दिलं, सोसायटीच्या फाइलमध्ये ठेवायला.